पायाखालचं सुकाण

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुणी पायलट म्हणालं की माणसं वर बघत नाहीत, बाबाजीच्या घराकडे बघतात. बाबाजी एकाहत्तर वर्षांचा. कमरेत थोडा वाकलेला, डाव्या कानाने कमी ऐकणारा. विमानाशी त्याचा संबंध एवढाच, की एखादं वरून गेलं तर तो मान वर करून बघतो आणि मग मान अवघडली म्हणून सुनेकडे तेल मागतो.

नाव पडलं ते असं. खाडीच्या आत एका कंपनीची जेटी आहे. तिथे कोळसा घेऊन बार्ज यायचे. बार्ज म्हणजे सपाट बुडाचा लोखंडी डबाच, वळायला आळशी आणि थांबायला त्याहून आळशी. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, आणि ही वाळू काही एका जागी बसणारी नव्हे. या उधाणाला इथे, पुढच्या उधाणाला तिथे. बाहेरगावचे बार्जवाले यायचे आणि रुतून बसायचे. मग कंपनीने बाबाजीला बोलावलं. त्याने दोरीच्या शिडीने वर चढायचं, पुढच्या टोकाला उभं राहायचं आणि हाताने दाखवायचं, इकडे घे, तिकडे घे, आता थांब. कंपनीच्या कारकुनाने हजेरीच्या चिठ्ठीवर कामाच्या रकान्यात लिहिलं, पायलट. बाबाजीने ती चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली. त्या दिवसापासून त्याच्या चालण्यात फरक पडला, असं त्याची बायको मरेपर्यंत सांगायची.

बावीस वर्षं त्याने ते काम केलं. एकही बार्ज रुतला नाही. मग एक दिवस कंपनीत नवीन साहेब आला. त्याच्याबरोबर दोन पोरगेले पायलट आले, पांढरे शर्ट घातलेले, हातात पाण्याची खोली दाखवणारं यंत्र. साहेबाने बाबाजीला विचारलं, "तुमचं सर्टिफिकेट?" बाबाजीने खिशातून ती जुनी चिठ्ठी काढली. घामाने आणि खाऱ्या पाण्याने तिच्यावरचं पायलट पुसून नुसतं 'पाय' राहिलं होतं. साहेब वाईट नव्हता. त्याने चहा पाजला आणि घरी पाठवलं.

"कागद न्हाय तर पायलट न्हाय," बाबाजी घरी येऊन म्हणाला, आणि जाळं सांधायला बसला. त्यानंतर त्या विषयावर तो फारसं बोलला नाही. गावाने मात्र नाव काढून घेतलं नाही. गाव एकदा दिलेलं काही परत घेत नाही, मग ते नाव असो की शिवी.

आता त्याची नात क्रांती हिचं ऐका. ती पहिलीत असताना बाईंनी विचारलं, घरी कोण काय करतं? क्रांती म्हणाली, आजोबा पायलट आहेत. बाई नवीन होत्या, अलिबागच्या पलीकडून आलेल्या. त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी घरी आली ती धावतच.

"आजा, तुझं विमान कुठं हाय?"

बाबाजीच्या तोंडात सुतळी होती. ती काढून खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण पोरीचे डोळे असे होते, की तो म्हणाला, "दुरुस्तीला दिलंय, बाय."

ते विमान दोन वर्षं दुरुस्तीत होतं. तिसरीत गेल्यावर तिला कळलं की आजाचा पायलट पाण्यावरचा. ती रागावली नाही. पण विमान जे डोक्यात शिरलं ते बाहेर निघालं नाही.

त्याच वयापासून ती आजाबरोबर होडीवर जायला लागली. छोटी होडी, मागे इंजिन, आणि सुकाणाला लाकडी दांडा. बाबाजी पुढे जाळं ओढायचा, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मागे सुकाण धरायला कुणीतरी हवं. बाप गणराज उरणकडे कंटेनरच्या कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. आई कोकिळा बोंबील वाळत घालायची आणि बाजारात बसायची. उरली ती क्रांती. तिचे हात तेव्हा दांड्याला पुरत नसत, म्हणून ती फळीवर बसून पायाने दांडा रेटायची. बाबाजीने तिला शिकवलं ते एकाच वाक्यात.

"जिकडं जायचं तिकडं बघ, अन् पाय उलट्या अंगाला रेट."

होडी तशीच चालते. दांडा उजवीकडे ढकलला की तोंड डावीकडे वळतं. नवीन माणसाला हे समजायला चार दिवस लागतात आणि अंगात मुरायला चार वर्षं. क्रांतीच्या अंगात ते असं मुरलं, की ती मोठी झाली, हात लांब झाले, तरी सुकाणाला पायच लावायची. हातात पुस्तक असायचं.

अलिबागच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन ती पदवीधर झाली, पहिल्या वर्गात. मग म्हणाली, हवाईदलात जाणार. ऑफिसात बसायला नव्हे, विमान चालवायला. कोकिळाने तेव्हा बोंबिलाची काठी खाली ठेवली होती. तिने सासऱ्याकडे बघितलं.

"मामा, हे तुमचंच काम. दुरुस्तीचं विमान."

बाबाजी जाळं सांधत होता. त्याला वाटत होतं, घरात एक तरी पायलट कागदवाला व्हावा. तोंडाने म्हणाला एवढंच, "भरू दे की फारम. फारमला काय खायला लागतं?"

खायला लागत नाही हे खरं, पण फॉर्म माणसाला खातो. पहिल्या वर्षी क्रांती लेखी परीक्षेतच राहिली. दुसऱ्या वर्षी लेखी निघाली, निवडीला बोलावणं आलं, पाच-सहा दिवस राहायची तयारी करून गेली आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिला परत पाठवलं. एक धूसर चित्र दाखवतात म्हणे, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग सगळ्यांत बसून बोलायची. बोलताना बाकीची पोरं अशी तुटून पडली की हिला तोंड उघडायला जागा मिळाली नाही. ती म्हणाली, "आजा, आपल्या मासळीबाजारात याहून शिस्त असते."

मग तिसरं वर्ष. सकाळी वाळूत धावणं, मग सहाआसनी रिक्षातून अलिबाग, तिथे क्लासला शिकणं आणि त्याच क्लासमध्ये लहान पोरांना गणित शिकवून फी फेडणं, दुपारी परत, मग होडीवर. जेवताना डुलक्या. कोकिळा ताट सरकवून म्हणायची, "बाय, आधी झोप तरी नीट घे, न्हायतर जेव तरी नीट. दोनी एकदम कशाला करतंस?" विमान चालवायची वयाची अट चोविसाव्या वर्षाला संपते. क्रांतीचं तेविसावं निम्मं सरलं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून कुणी वयाचं नाव काढत नव्हतं. वाढदिवसाला नुसता शिरा केला आणि किती वर्षं झाली ते विचारलं नाही.

यंदाही लेखी निघाली. बोलावणं म्हैसूरचं आलं. निघताना कोकिळाने जवळ्याची सुकी चटणी डब्यात भरून दिली.

"तिथं सगळा भात-सांबार असंल. अन् उरली तर साहेबाला दे."

"आये, साहेबाला चटणी दिली तर मना गेटाभायेर काढतील."

"का? त्याला काय जीभ न्हाय?"

बाबाजी रिक्षा थांब्यापर्यंत सोडायला गेला. नजमुद्दीन तिथेच होता. नजमुद्दीन चौलकडचा, बाबाजीच्याच वयाचा. जवानीत वीस वर्षं मस्कतला काढली, आता थांब्याजवळ पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवतो. त्याने क्रांतीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला.

"बेटी, खुदा खैर करो. विमान मिळालं की पहिला फेरा आमच्यावरनं मार. तुझ्या आजाला खाली टाक एकदा, बावीस वर्षं बार्जवाल्यांना डुबाल डुबाल सांगून घाबरवलंन."

"चाचा, तुमाला मस्कतला सोडू काय?"

"नको गं. तिथं परत? त्यापेक्षा तुझा आजा बरा."

सात दिवस गेले. मधल्या काळात तिचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा एवढंच, "आहे अजून." पहिल्या दिवशी परत पाठवलं नाही म्हणून बाबाजीने दुसऱ्या दिवशी मासळीच्या वाट्यात दोन मासे जास्त टाकले. चौथ्या-पाचव्या दिवशी तर त्याने दाढी केली. कोकिळाने पाहिलं आणि त्याचा धुतलेला सदरा खुंटीला लावून ठेवला.

आठव्या दिवशी दुपारी तो सदरा घालून तो थांब्यावर बसला. तीन रिक्षा आल्या आणि गेल्या. चौथीतून क्रांती उतरली. पाठीवर पिशवी, पायात काळे बूट, केस पिना लावून घट्ट. तिने आजाला बघितलं आणि हसली. हसू पाहून बाबाजी उठला. मग ती जवळ आली तेव्हा त्याला दिसलं, की हसू तोंडावर ठेवून तिने ते सगळ्या वाटेभर सांभाळून आणलंय, अंडी आणावीत तसं.

"चल बाय," तो म्हणाला. "पिशवी दे."

"राहू दे. जड न्हाय."

घरी येईपर्यंत ती बोलत राहिली. पाच दिवस सगळं निघालं होतं. या वेळी गटात बोलताना ती बाजारातल्यासारखी ओरडलीच नाही, सगळ्यांचं ओरडून झालं की मग बोलली, आणि तेव्हा ऐकलं सगळ्यांनी. मुलाखतीची गंमत तर तिने बूट काढायच्या आधीच सांगितली. साहेबाने विचारलं, घरी कोण काय करतं? ही जन्माच्या सवयीने बोलून गेली, माझे आजोबा पायलट होते.

"साहेब एकदम सरळ बसला. म्हणाला, कुठलं विमान? मी म्हटलं, सर, विमान नाही, बार्ज."

"अरे देवा," कोकिळा म्हणाली.

"हसला तो. मग विचारायला लागला. वाळू हलते तर आजोबांना कळायचं कसं? मी सांगितलं, पाण्याचा रंग, लाटेची घडी कुठं मोडते ते, अन् बगळे कुठं उभे राहतात ते. वीस मिनिटं तेच. माझं फिजिक्स त्यानं विचारलंच न्हाय."

बाबाजी ओटीवर बसला होता. त्याने गुडघ्यावरचा सदरा सारखा केला. "बगळ्यांचं सांगितलंस? बरं केलंस."

"मग झालं काय, बाय?" कोकिळाने विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

क्रांतीने बूट सोडले. "पाच दिवसांनी नाव वाचलं माझं. सातजण होतो. सहाव्या दिवशी मशीनवर बसवतात. विमान चालवायला हात-पाय कसे चालतात ते बघायला. मशीनने न्हाय म्हटलं."

"बरं. मग पुढल्या फारमला..." बाबाजी म्हणाला.

"न्हाय आजा. बाकी सगळं कितीदाही देता येतं. मशीनवर जन्मात एकदाच बसवतात. कुणालाही."

चुलीवर आमटी उकळत होती. कोकिळा उठून ती खाली उतरवायला गेली आणि बराच वेळ उतरवतच राहिली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. क्रांती झोपली, उठली, जेवली, पुन्हा झोपली. तीन वर्षांची झोप होती ती, कोकिळाने पोरीला उठवलं नाही. गाव मात्र जागं होतं. वाटेत भेटेल तो बाबाजीला विचारायचा, "काय पायलट, नात कुठवर आली?" पहिल्याला त्याने सगळं सांगितलं, मशीन, सहावा दिवस, एकदाच. दुसऱ्याला थोडं कमी. पाचव्याला तो नुसता म्हणाला, "घरी हाय," आणि आपला डावा कान पुढे केला, म्हणजे पुढचा प्रश्न ऐकू येऊ नये. एकट्या नजमुद्दीनने काही विचारलं नाही. त्याने चहा मागवला, अर्धा बशीत ओतून बाबाजीपुढे सरकवला. दोघं म्हातारे रस्त्याकडे बघत बसले.

"मशीन म्हणतं तुझी नात नको," थोड्या वेळाने नजमुद्दीन म्हणाला. "तुला पन मशीनवाल्यांनीच घालवला ना रे?"

"त्यांची चूक न्हवती."

"मी चूक म्हणलोच न्हाय. फक्त बोललो."

दहाव्या दिवशी सकाळी क्रांती आपण होऊन म्हणाली, "आजा, होडीवर येते." कोकिळाने लगेच भाकरी बांधून दिली, बेत बदलायच्या आत.

ओहोटी लागली होती, पण तोंडाशी अजून पाणी होतं. जाळं खाडीच्या बाहेर लावलेलं. बाबाजी पुढे, क्रांती मागे फळीवर. पंधरा वर्षं बसत होती तशीच बसली. इंजिन सुरू झालं. वाळूचा उंचवटा यंदा उजव्या अंगाला सरकला होता, तिथून वळण घ्यायचं होतं. बाबाजीने मागे न बघता डावा हात वर केला. होडी वळली नाही. त्याने पुन्हा हात केला. मग मागे बघितलं.

क्रांतीचा पाय दांड्याच्या वर, हवेत थांबला होता. ती त्या पायाकडे बघत होती, परक्याचा पाय बघावा तशी. मग पाय दांड्यावर आला, होडी वळली, उशिरा, पण वळली. वाळूला लागली नाही.

बाहेर गेल्यावर बाबाजीने जाळं ओढलं. मासळी बेताचीच, थोडी कोळंबी, थोडी मांदेली, बाकी चिखल. पण त्याचं लक्ष त्यात नव्हतं. पंधरा वर्षांत त्या पायाने विचार केलेला त्याने पाहिला नव्हता. पाय विचार करायला लागला, म्हणजे कुणीतरी त्याला चूक म्हटलेलं आहे.

"बाय," तो म्हणाला, जाळ्यातला चिखल झाडता झाडता. "त्या मशीनला पाय लावायचा असतो काय?"

क्रांतीने दांड्यावरून पाय काढला.

"हात-पाय बघतात म्हनालीस."

"दोन पेडल असतात," ती म्हणाली. "पडद्यावर एक ठिपका असतो, तो सारखा पळतो. हातातल्या दांड्याने वर-खाली धरायचा, पायाने डावी-उजवीकडे. डावीकडे न्यायचा तर डावा पाय दाबायचा. सरळ आहे. लहान पोराला पण जमेल."

"मग?"

"मग काय. हळू होतं तोवर जमलं. जोरात पळायला लागला तेव्हा..." तिने खांदे उडवले. "जिकडं जायचं तिकडं बघितलं."

बाबाजीने हातातलं जाळं सोडलं. पुढचं अर्धं वाक्य त्याचंच होतं, तिला ते म्हणायची गरज नव्हती. अन् पाय उलट्या अंगाला रेट.

"मना का न्हाय सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतास? आणि तेवढंच न्हाय आजा. सातजण बसलो, चौघं पडलो. माझ्यासंगं पडलेल्या तिघांनी काय होडी चालवली होती? त्यांचे पाय त्यांच्या आजांनी शिकवले काय?"

हे बोलणं मायेचं होतं हे न कळण्याइतका बाबाजी बहिरा नव्हता. तो उठला. होडीच्या मधून, जाळं आणि टोपल्या ओलांडत, मागे आला.

"ऊठ. पुढं जा. आजपासून सुकाणाला मी."

"आता कशाला? आता मशीन पुन्हा थोडंच येणार हाय? आता जन्मभर उलटंच चालवायचंय, तर चालवू दे."

"ऊठ म्हनतो ना."

ती उठली. पुढे जाऊन बसली. बाबाजी फळीवर टेकला, दांड्याला पाय लावला आणि होडी घराकडे वळवली. एवढ्यात पाणी बरंच उतरलं होतं. तोंडाशी वाळूच्या पाठीवर बगळे येऊन उभे राहायला लागले होते. क्रांतीने पुढून उजवा हात वर केला, उजवीकडे घे.

आता बघा काय झालं. बावीस वर्षं ज्याने बार्ज नेले आणि त्याआधी तीस वर्षं होडी चालवली, त्या बाबाजीच्या मनात आलं, उजवीकडे जायचं तर पाय कुठं? डावीकडे. पण पोरीचा गेला तो उलटा. मग सरळ कुठला? विचार करायचं काम त्या पायाला कधी लागलंच नव्हतं. तो विचार करतोय तोवर पायाने उजवीकडे रेटा दिला, होडी डावीकडे वळली, आणि खर्र आवाज करून वाळूवर चढून बसली. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

बगळे उडालेसुद्धा नाहीत. नुसते बाजूला सरकले.

ओहोटीचं पाणी बघता बघता होडीखालून निघून गेलं. आता भरती येईपर्यंत चार-पाच तास हलता येणार नव्हतं. काठावर जाळी सुकवणाऱ्या बायांनी पाहिलं. त्यांच्यात एकच आरडाओरडा झाला. कुणीतरी पोरांना हाक मारली, कुणीतरी मोबाइल काढला. रेवदंड्याच्या इतिहासात जी गोष्ट झाली नव्हती ती झाली होती, पायलट वाळूत बसला होता.

बातमी थांब्यावर पोचायला कितीसा वेळ? थोड्या वेळाने किनाऱ्यावर पांढरी टोपी दिसली. नजमुद्दीन गल्ला सोडून आला होता. तो गेल्या दहा वर्षांत गल्ला सोडून फक्त निकाहाला आणि मय्यतीला गेला होता.

"ओ पायलट!" त्याने तोंडाभोवती हात धरून आवाज दिला. "विमान का उतरवलंस रे?"

बाबाजी मान खाली घालून बसला होता. उत्तर पुढून आलं.

"दुरुस्तीला दिलंय, चाचा!" क्रांती ओरडली.

आणि ती हसली. थांब्यावर आणलं होतं तसलं हसू नव्हे. पोटातून आलेलं, वाकून, टोपलीचा काठ धरून. बाबाजी तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यालाही हसू आलं, पण म्हाताऱ्या माणसाचं हसू डोळ्यांतून गळतं, तसं त्याचं गळलं. त्याने ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि खारं पाणी उडालं असेल असा चेहरा केला.

मग दोघं भाकरी सोडून बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ऊन चढलं. क्रांतीने ओढणी डोक्यावर घेतली आणि भाकरीचा अर्धा तुकडा त्याला दिला.

"दमलीस बाय?"

"खूप," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

बाबाजीने मान हलवली. त्याच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. कांदा होता, तो त्याने बुक्कीने फोडला आणि मोठा भाग तिच्या भाकरीवर ठेवला.

"अजून एक फॉर्म निघतो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "हवाईदलाचाच. विमान चालवायचं न्हाय. जमिनीवरची नोकरी. रडार, हवामान, विमानांना वाट दाखवायची, असली कामं. त्याला वय सव्वीसपर्यंत चालतं. मशीन न्हाय."

"जमिनीवरची?" बाबाजीने आजूबाजूला बघितलं. वाळू, चिखल, बगळे, एका अंगाला कललेली होडी. "जमिनीवर तर आपुन आत्ता बसलोच हाव."

"व्हय. सराव चाललाय."

"वाट दाखवायची म्हंजे? विमानवाल्याला सांगायचं इकडं घे, तिकडं घे?"

"तसंच काहीतरी."

बाबाजी बराच वेळ चावत राहिला. दात कमी, भाकरी कडक. "मंग त्याला पायलट म्हनतात ना?"

"न्हाय आजा. त्याला पायलट न्हाय म्हणत."

"कंपनीचा कारकून म्हनायचा."

ती आपल्या पायाकडे बघत होती. पाय अनवाणी, बोटांना चिखल.

"शेवटची तारीख कधी?"

"तीस."

"आज?"

"चोवीस."

"भरनार?"

"म्हाईत न्हाय," क्रांती म्हणाली. "खरंच म्हाईत न्हाय. पुन्हा धावायचं, पुन्हा ते धूसर चित्र, पुन्हा ती पोरं ओरडणार. आत्ता तर रिक्षात बसायचंसुद्धा अंगावर येतं. सहा दिवस आहेत. बघू."

"बघ," बाबाजी म्हणाला. आणखी काही म्हणणार होता, पण एकदा म्हणून झालेल्या वाक्यांनी काय काय केलं ते त्याने नुकतंच पाहिलं होतं. त्याने उरलेला कांदा तोंडात टाकला.

दुपार कलता कलता पाणी परत आलं. आधी वाळूवर ओली रेघ, मग फेस, मग होडीच्या बुडाला बारीक थापट्या. बगळे एकेक करून उडाले. काठावरची माणसं कंटाळून केव्हाच गेली होती, नजमुद्दीन तेवढा एका उलट्या होडीच्या सावलीत बसून डुलकी काढत होता. होडी सरळ झाली. मग हलकी झाली.

बाबाजी मागच्या फळीवरून उठला आणि पुढे गेला. क्रांती त्याच्या बाजूने मागे आली. तिने इंजिनाला दोरी ओढली, दोनदा, तिसऱ्यांदा लागलं. बाबाजीने पुढून उजवा हात वर केला.

या वेळी मागे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तो पाण्याकडे बघत उभा राहिला, जिथे लाटेची घडी मोडत होती तिथे. होडी उजवीकडे वळली, वाळू डाव्या अंगाने मागे गेली.

किनाऱ्याला लागले तेव्हा कोकिळा गुडघाभर पाण्यात उभी होती, साडी खोचून. तिने दोर धरला.

"आमटी तीनदा गरम केली," ती म्हणाली. "आता कुनी काय सांगू नका. आधी जेवा, मंग सांगा कोन चुकलं."

"मी," बाबाजी म्हणाला, आणि टोपली तिच्या डोक्यावर द्यायला वाकला.